आलेख कागदावरचा सोलो

गाण्याच्या मध्ये गायक थांबतो आणि गिटारवाला एकटाच पुढे होऊन वाजवतो, त्या तुकड्याला सोलो म्हणतात. माझ्या क्लासमध्ये मी सोलोविषयी जे बोलायचो, ते ऐकायला फार छान वाटायचं. सोलो लिहायचा नसतो, तो सुचावा लागतो, असं मी म्हणायचो. लिहून काढलेला सोलो म्हणजे शुद्धलेखनाची वही. बोटं तारांवर ठेवा, डोळे मिटा आणि त्या क्षणी आतून जे येईल ते येऊ द्या. हे सांगताना मी स्वतः डोळे मिटायचो आणि समोरची कॉलेजची मुलं भारावल्यासारखी बघत राहायची.

खरी गोष्ट अशी, की मला आजवर एकही सोलो उभ्याउभ्या सुचलेला नाही. मी सगळे सोलो लिहितो. आधी मोबाइलवर साथीचे कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांचे जुडगे, लावून ठेवतो आणि त्यावर तोंडाने गुणगुणतो. गुणगुणलेल्यातलं एखादं वळण बरं वाटलं, तर ते फक्त दोन तारांवर बसवून बघतो, कारण सहाही तारा हाताशी असल्या की माझी बोटं सवयीच्या रस्त्याने पळतात. मग पेन्सिलीने वहीत उतरवतो, खोडतो, पुन्हा उतरवतो. मिनिटभराच्या सोलोला मला सव्वा-दीड महिना लागतो. एवढ्यावर थांबलो असतो तरी ठीक होतं. पण कुठे अडखळायचं, कुठे मान हलवून काहीतरी शोधत असल्यासारखं करायचं आणि कुठे ते अचानक सापडायचं, हेही मी वहीत लिहायचो. त्या जागांवर फुल्या असायच्या. कपाटाच्या आरशासमोर तालीम चालू असली, की बायको स्वयंपाकघरातून विचारायची, "आज डोळे कितव्या ओळीला मिटायचेत?"

लिहून वाजवण्यात गैर काहीच नाही. कितीतरी चांगले वादक तसंच करतात आणि उघडपणे सांगतात. मी मात्र एकदा खोटं बोलून बसलो होतो. पंचविशीत असताना एका कार्यक्रमानंतर कुणीतरी कौतुकाने विचारलं, "हे तुम्हाला आत्ता स्टेजवरच सुचलं?" मी हो म्हटलं. तो हो पुढे इतका वाढला की त्यावर क्लास उभा राहिला. 'अमुक सोलो मला गोदावरीच्या घाटावर बसल्या बसल्या सुचला' असंही मी सांगायला लागलो. तो सोलो खरं तर मी गच्चीवरच्या टाकीशेजारी प्लास्टिकच्या स्टुलावर बसून केला होता, आणि त्यासाठी मे महिन्याच्या सगळ्या सकाळी खर्ची घातल्या होत्या.

क्लास कॉलेज रोडच्या मागच्या गल्लीत होता. वर आमच्या दोन खोल्या आणि खाली दातांचा दवाखाना. एक दिवस जिन्यातून इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेले, खिशाला पेन लावलेले साठीचे गृहस्थ वर आले. हातात नवी गिटार. ओझरच्या विमानांच्या कारखान्यात ते आयुष्यभर फिटर होते आणि नुकतेच निवृत्त झाले होते. म्हणाले, "सर, मला शिकायचं हाय. उशीर झालाय, पण शिकायचं हाय." मी त्यांना काका म्हणायला लागलो आणि ते मला सर. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी तरी मोठे असतील. नव्या शिकाऊंची बोटं तारांनी सोलवटतात, दोन आठवडे ती कुरकुरत असतात. काकांच्या बोटांना आधीपासूनच घट्टे होते, त्यांना तारा लागल्याच नाहीत. दोन वर्षांत ते सगळे कॉर्ड नीट, सावकाश, एकही तार न खरखरवता वाजवायला लागले. मुलं त्यांना इंजिनिअर काका म्हणायची. त्यांना ते आवडायचं.

मग सोलोची पाळी आली. सोळा आवर्तनं, प्रत्येकी चार मात्रांची, असं मी सगळ्यांना दिलं होतं. पुढच्या आठवड्याला येताना आतून काय येतं ते घेऊन या, म्हटलं. मुलांनी इकडून तिकडून ऐकलेले तुकडे आणले आणि आतून आले म्हणून वाजवले. मीही वा वा केली. काकांची पाळी आली तेव्हा त्यांनी पिशवीतून चार घड्या घातलेला मोठा कागद काढला आणि माझ्या टेबलावर पसरला.

शाळेत असतो तसला आलेख कागद होता तो. आडव्या चौकटी म्हणजे मात्रा, उभ्या चौकटी म्हणजे गिटारच्या दांडीवरच्या पट्ट्या. सहा तारांना सहा रंगांचे ठिपके. कुठला सूर किती वेळ धरायचा, तेवढी लांब रेघ. स्वच्छ काम. खाडाखोड एकाही जागी नव्हती. मी विचारलं, "कुठून सुरुवात केलीत?"

"आधी मोकळ्या जागा आखल्या, सर," ते म्हणाले. "पत्र्याला भोकं पाडायच्या आधी आम्ही कुठं पाडायची नाय ते ठरवतो. कडेपासून किती सोडायचं, जोडापासून किती सोडायचं. एकदा भोक पडलं की ते बुजवता येत नाय. तसंच केलं. आधी गप्प कुठं बसायचं ते ठरवलं, मग उरलेल्या जागेत सूर बसवले."

आणि त्यांनी ते वाजवलं. पहिल्या चार आवर्तनांत जेमतेम दहा-अकरा सूर होते. प्रत्येक सूर आपापल्या जागी येऊन बसत होता आणि मधल्या रिकाम्या जागेत पुढचा कधी येतो याची वाट बघावीशी वाटत होती. खालून दवाखान्याच्या मशीनचा आवाज येत होता, तोही कुणाला जाणवला नाही. मला पहिल्या पाच सेकंदांत कळलं होतं की हे चांगलं आहे. शेवटी शेवटी कळलं की मी इतक्या वर्षांत एवढं चांगलं काही लिहिलेलं नाही.

तेव्हा मला आनंद व्हायला हवा होता. मला राग आला. ज्या गोष्टीची मी चोरी केल्यासारखी लपवाछपवी करत होतो, ती हा माणूस टेबलावर पसरून दाखवत होता, वर रंगीत ठिपके लावून. मी कागद उचलून मुलांकडे वळवला आणि म्हणालो, "काका, हा सोलो आहे की नळाच्या पाइपलाइनचा नकाशा?"

वर्ग हसला. काकाही हसले. "तसाच दिसतोय खरा," म्हणाले. मग मी माझं नेहमीचं भाषण केलं. सोलो सुचला पाहिजे वगैरे. काकांनी खिशातलं पेन काढलं आणि त्या कागदाच्या समासात काहीतरी लिहून घेतलं.

पुढच्या आठवड्याला मी विचारलं, "काय काका, सुचलं का काही?" ते गंभीरपणे म्हणाले, "सुचायला बसलो होतो, सर. दोन दिवस, रोज दोन दोन तास. नाय सुचलं." मुलं पुन्हा हसली. त्यानंतर ती गंमतच होऊन बसली. काका जिना चढून आले की कुणीतरी विचारायचं, "काका, सुचलं?" आणि मी ते थांबवलं नाही. खरं म्हणजे सुरुवात मीच केली होती.

दरवर्षी गुरुपौर्णिमेला आमचा कार्यक्रम असतो. गंगापूर रोडवरचं एक लहानसं सभागृह आम्ही घेतो. सरस्वतीच्या फोटोशेजारी सगळ्यांच्या गिटारी ओळीने मांडतात, त्यांना हळदकुंकू लावतात, पंचवटीच्या बाजारातून आणलेला झेंडू प्रत्येकीच्या खुंट्यांत खोचतात. मग मुलं वाजवतात, शेवटी मी वाजवतो, आणि सगळे येऊन माझ्या पाया पडतात. गिटारच्या मास्तराला एवढा मान आमच्याकडेच मिळत असेल. मला तो फार आवडायचा, हे आज लिहिताना कसंतरीच वाटतं.

त्या वर्षी काकांचा सोलो आठवा की नववा होता. काकू ठेवणीतली साडी नेसून पहिल्या रांगेत बसल्या होत्या आणि त्यांनी मोबाइल आधीपासूनच वर धरला होता. काका स्टेजवर आले, स्टँडवर आलेख कागद लावला, गिटार लावून घेतली. साथीचे कॉर्ड लॅपटॉपवर होते आणि लॅपटॉप माझ्यापुढे होता. मी सूत्रसंचालनही करत होतो, त्यामुळे माइकही माझ्याच हातात.

मी उठलो, काकांजवळ गेलो आणि स्टँडवरचा कागद काढून घेतला. हे मी आधी ठरवलेलं नव्हतं. मला उभ्याउभ्या सुचलेली ती एकमेव गोष्ट. माइकवर म्हणालो, "काका आज आपल्याला कागद न बघता वाजवून दाखवणार आहेत. लिहिलेलं नको, काका. आत्ता, या क्षणी जे सुचेल ते." लोकांनी जोरात टाळ्या वाजवल्या. मी कागदाची घडी घालून खिशात ठेवली आणि लॅपटॉपवर साथ सुरू केली.

सोळा आवर्तनं म्हणजे मिनिटभर. काकांचा डावा हात पट्टीवर होता, उजवा तारांच्या वर. पहिलं आवर्तन गेलं, दुसरं गेलं. लोकांना वाटलं असेल, ही सुरुवातीची शांतता आहे. चौथ्याच्या सुमारास खुर्च्यांची चुळबुळ ऐकू आली. काकांनी एकदा हात खाली आणला आणि तारेला न लावताच परत उचलला. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी हसून मान हलवली, घ्या घ्या, घाबरू नका, अशी. साथ बंद करायचं बटण माझ्या बोटापासून वीतभर अंतरावर होतं. मी ते दाबलं नाही. सोळाच्या सोळा आवर्तनं काकांचा एकही सूर न वाजता पूर्ण झाली. काकांनी लोकांना नमस्कार केला आणि खाली उतरले. काकूंनी मोबाइल खाली कधी घेतला ते मला दिसलं नाही.

मी माइकवर म्हणालो, "असं होतं कधी कधी. सुचणं आपल्या हातात नसतं." लोकांनी सहानुभूतीच्या टाळ्या दिल्या.

शेवटी मी वाजवलं. सुरुवातीला म्हणालो, "आज काय येणार आहे ते मलाही माहीत नाही." सव्वा महिना घासलेला सोलो मी ठरल्याप्रमाणे वाजवला, ठरल्या जागी अडखळलो, मान हलवली, आणि ठरल्या जागी मला ते सापडलं. एका पालकांनी सांगितलं की अंगावर काटा आला. मग पाया पडायची रांग लागली आणि त्या रांगेत काका होते. साठी उलटलेला माणूस माझ्यापुढे वाकला. मी पाय मागे घ्यायला हवे होते. मी त्यांचे दंड धरले, पण ते वाकून झाल्यावर.

घरी येताना बायकोने एवढंच विचारलं, "त्यांचा कागद तू का घेतलास?" मी म्हटलं, शिकवण्याचा भाग आहे तो.

काका त्यानंतर क्लासला आले नाहीत. पहिल्या आठवड्यात मला बरं वाटलं, हे कबूल केलं पाहिजे. त्यांच्या खुर्चीवर एक नवी मुलगी बसायला लागली. 'सुचलं का?' हे कुणाला विचारायचं उरलं नाही. महिन्याभराने कार्यक्रमातले कपडे धुवायला टाकताना खिशात तो कागद मिळाला. मी तो टेबलावर उघडला आणि घरात कुणी नव्हतं म्हणून गिटार घेऊन वाजवून पाहिला. मध्ये एका ठिकाणी लागोपाठ आठ सूर होते आणि त्यानंतर एक अख्खं आवर्तन रिकामं. त्या रिकाम्या चौकटींत बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'इथे थांबायचं. घाई नको.' आणि समासात, 'सर म्हणतात, सुचलं पाहिजे.' पुढे प्रश्नचिन्ह.

मी तो सोलो पाच-सहा वेळा वाजवला. प्रत्येक वेळी तो तितकाच चांगला होता आणि प्रत्येक वेळी मला स्वतःची जास्त लाज वाटत गेली. शेवटी गिटार ठेवून दिली. त्या दिवशी मी जेवलोही नाही नीट. फोन करायचं धाडस झालं नाही. त्या रविवारी सकाळी सरळ स्कूटर काढली आणि पंचवटीत हिरावाडीकडे त्यांच्या घरी गेलो.

दार काकूंनी उघडलं. ओळखलं, आत घेतलं, पाणी दिलं. त्यांच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता, पण हसूही नव्हतं. म्हणाल्या, "ह्यांनी गिटार माळ्यावर टाकलीय. रोज सकाळी वाजवायचे. आता घर लय शांत वाटतं." मग त्या चहा टाकायला आत गेल्या आणि काका बाहेर आले. तोच इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन.

मी कागद त्यांच्यापुढे ठेवला. म्हटलं, "काका, मी चुकलो. हा काढून घ्यायला नको होता. कागद नसल्यावर माणूस विसरणारच."

"विसरलो नव्हतो, सर," काका म्हणाले. "पाठ होतं. चार महिने तेच वाजवत होतो. झोपेतनं उठवलं असतं तरी वाजवलं असतं."

"मग वाजवलं का नाहीत?"

त्यांना माझा प्रश्नच कळला नसावा असं ते बघत राहिले. "तुम्ही म्हणालात ना, आत्ता सुचेल ते. लोकांनी टाळ्यापण वाजवल्या. मग लिहिलेलं वाजवून सुचलंय असं कसं दाखवायचं? ते खोटं झालं असतं."

काकूंनी चहा आणून ठेवला. मग मी सांगितलं. सगळं सांगितलं. मीही लिहूनच वाजवतो, कायम लिहूनच वाजवत आलोय, वही आहे, वहीत फुल्या आहेत. घाटाची गोष्ट खोटी आहे. बायको सोडली तर हे दुसऱ्या कुणाला मी आयुष्यात पहिल्यांदाच सांगत होतो.

काकांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "माहिती हाय, सर."

"कधीपासून?"

"पहिल्या वर्षापासून. शिफ्टला अर्धा तास आधी पोचायची सवय हाय मला. क्लासलापण लवकर यायचो, जिन्यात बसून राहायचो. तुम्ही आत वाजवत असायचे. ते मधी अडखळायचं, ते रोज त्याच मात्रेवर. आमचं मशीनपण इतकं अचूक नव्हतं." हे ते चेष्टेने म्हणाले नाहीत. एका कारागिराने दुसऱ्याची दाद द्यावी तसं म्हणाले.

"आणि तुम्ही कधी बोलला नाहीत? मी तुमची एवढी टर उडवली, तेव्हासुद्धा?"

"मी कशाला बोलू? तुम्ही सर हाय." मग म्हणाले, "स्टेजवर तुमच्याकडं बघितलं तेव्हा मात्र वाटलं होतं, आता सांगतील. लिहिलेलं वाजवा काका, मीपण लिहूनच वाजवतो, असं. तुम्ही नुसती मान हलवली."

मी त्यांना परत यायला सांगितलं. विनवलंच. पुढच्या कार्यक्रमात सगळ्यांसमोर त्यांचा सोलो कागद लावून वाजवायचा आणि मी स्वतः माइकवर सगळं खरं सांगायचं, असंही म्हणालो. काका म्हणाले, "नको. राग नाय, सर. पण आता तारेवर हात ठेवला की ती टाळी ऐकू येते. हात उचलत नाय." काकू दारात उभ्या होत्या, त्या आत निघून गेल्या.

ते मला सोडायला फाटकापर्यंत आले. शेजारचे गृहस्थ बाहेर गाडी पुसत होते. त्यांनी विचारलं, "कोण पाहुणे?"

"आमचे सर," काका म्हणाले. "गिटारचे. कॉलेज रोडला क्लास हाय त्यांचा."

"हां, हां. काय हो, आजकाल तुमची गिटार ऐकू येत नाही ती?"

काका हसले. "सोडली. मला सुचत नाय."

"चालायचंच," शेजारी म्हणाले. "ते काय सगळ्यांना जमतं का? काय सर?" आणि ते माझ्याकडे बघून थांबले.

आत बसून मी अर्धा तास सगळं कबूल केलं होतं. इथे दोन वाक्यं पुरली असती, आणि काकाही माझ्याकडे बघत होते. मी "येतो मी" म्हटलं आणि स्कूटर सुरू केली.